प्रत्येक मैफिलीमागे एक पेनी

मँचेस्टर म्हटले की आपल्याला आठवते ते कापड. आपल्या विणकरांच्या पोटावर पाय देणारे हे कापड शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनीच वाचले आहे. पण गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या त्याच शहरात पाश्चात्त्य अभिजात संगीत सामान्य माणसापर्यंत नेणारा एक वाद्यवृंद उभा राहिला. त्याची गोष्ट मला सांगायची आहे.

चार्ल्स हॅले हा १८१९ साली जर्मनीत जन्मलेला पियानोवादक. पॅरिसमध्ये त्याचे बरे चालले होते. शोपँ, लिस्ट, बर्लिओझ ही त्याच्या उठण्याबसण्यातली माणसे. १८४८च्या क्रांतीने शिकवण्या बुडाल्या आणि तो इंग्लंडला आला, मँचेस्टरला स्थिरावला. १८५७ साली तेथे भव्य कलाप्रदर्शन भरले, तेरा लाखांवर लोक येऊन गेले. प्रदर्शनात रोज वाजवण्यासाठी हॅलेने देशोदेशीचे वादक जमवले होते. ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन संपले. आता वादक आपापल्या वाटेने जाणार!

वाद्यवृंद म्हणजे काही वादकांची नुसती बेरीज नव्हे. महिनोन्‌महिने एकत्र वाजवल्यावर कुठे एकमेकांचा श्वास कळू लागतो. तो एकदा मोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हॅलेने म्हणूनच वादकांना थांबवून घेतले आणि स्वतःच्या जबाबदारीवर मैफिलींचा अख्खा हंगाम जाहीर केला. ३० जानेवारी १८५८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिली मैफल झाली. श्रीमंतांच्या मंडळासाठी दारे बंद करून होणाऱ्या मैफली शहरात आधीही होत्या. येथे मात्र तिकीट काढील त्याला प्रवेश होता.

सुरुवातीला खुर्च्या रिकाम्याच. तोट्यामागून तोटा. पण हॅलेने हंगाम अर्ध्यावर सोडला नाही आणि हळूहळू गर्दी वाढू लागली. तीस मैफलींनंतर हिशेब झाला, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याच्या हातावर तीन पेनींची दहा कोरी नाणी ठेवली. नफा तीस पेनी, म्हणजे मैफिलीमागे एक पेनी! हॅलेने पुढच्या हंगामाची तयारी सुरू केली.

पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना. मुंबईत त्याच कापसाने सोन्याचा पाऊस पाडला, तर मँचेस्टरच्या परिसरात हजारो गिरणी कामगार उपाशी राहिले. त्या वर्षांतही हॅलेचे हंगाम चालूच राहिले. १८९५ साली तो वारला, पण वाद्यवृंद टिकला.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. डिसेंबर १९४०च्या बाँबहल्ल्यात फ्री ट्रेड हॉल उद्ध्वस्त झाला. वाद्यवृंदातले बरेच वादक बीबीसीकडेही वाजवत. १९४३ साली हॅले वाद्यवृंद कायमस्वरूपी नोकरीचा करायचे ठरले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी बीबीसीच पत्करली. न्यूयॉर्कहून बोलावलेल्या जॉन बार्बिरोली यांच्यासमोर मोडका संसार उभा होता. तरणीताठी माणसे सैन्यात. त्यांनी मग शाळकरी मुलगा बासरीला घेतला, शिक्षिका हॉर्नला घेतली, बँडवाले गोळा केले. जुलैच्या सुरुवातीला ब्रॅडफर्डच्या रंगमंचावर हा नवा संच उभाही राहिला. पुढे बार्बिरोली १९७० साली मृत्यू येईपर्यंत या वाद्यवृंदाशी जोडलेले राहिले.

मला या इतिहासात महत्त्वाचा वाटतो तो 'हंगाम' हा शब्द. एखादी थोर मैफल पैसा ओतून कुठेही करता येते. हंगाम म्हणजे वादकाला दिलेला रोजगाराचा शब्द आणि श्रोत्याला लावलेली सवय. आपल्या गिरणगावातही भजनी मंडळे, शाहिरी, कामगार रंगभूमी फुलली ती रोजच्या तालमींवर आणि महिन्याच्या पगारावर. गिरण्यांचे भोंगे थांबले, तसे त्यांचेही बळ ओसरले. मँचेस्टरमध्ये गिरण्या गेल्या, पण वाद्यवृंद राहिला. १९९६पासून ब्रिजवॉटर हॉलमध्ये दरवर्षी त्याचा हंगाम सुरू होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)