दहाव्या पावलावर थांबा!

मानेसरच्या घरातून आजचा भाग सांगतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर, पासष्टाव्या वर्षी, मी प्रोग्रॅमिंग शिकायला बसलो. गुरू कोण, तर सातवीतली नात. एक ते दहा आकडे छापणारा पायथनचा प्रोग्रॅम लिहिला, तर पडद्यावर नुसती एकांची रांग लागली आणि थांबेचना. नात म्हणाली, "आबा, दरवेळी एक मिळवायला तुम्ही सांगितलंच नाही."

परेडच्या भाषेत सांगायचं तर, ‘दहाव्या पावलावर थांबा’ असा हुकूम मी दिला होता. पावलं मोजा, हे सांगायचं राहिलं होतं.

मनात आलं, आपल्या देशात हे आधी कोण शिकलं असेल? त्यांना शिकवलं कोणी?

त्यासाठी मुंबईला जावं लागतं. १९५४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक छोटा गट संगणक बांधायला बसला. त्यात आर. नरसिंहन प्रमुख. गटातल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता! १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चाललं, १९६० च्या फेब्रुवारीत पूर्ण यंत्र सुरू झालं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं.

त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

प्रोग्रॅम लिहायचा तो शून्य आणि एकच्या भाषेत, कागदी पट्टीवर भोकं पाडून. ‘बेरीज कर’ एवढं सांगून भागत नसे. संख्या मेमरीच्या कुठल्या घरात आहे, उत्तर कुठे ठेवायचं, सगळं सांगावं लागे. एक भोक चुकलं की हुकूमच बदलला.

पुढे १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला, १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आला. फोरट्रान भाषेमुळे बीजगणितासारखी समीकरणं लिहिता येऊ लागली आणि शिकणाऱ्यांची संख्या वाढली. नेमकेपणाची अट मात्र तीच राहिली. माझी नातही तीच शिकवते.

एक कबुली देतो. नोकरीत असताना एका हवालदार क्लार्कला मी चुकीच्या रिटर्नवरून सगळ्यांसमोर झापलं होतं. तो बिचारा ‘जी साहब’ म्हणून गप्प राहिला. आज वाटतं, त्याने मी सांगितलं तेवढंच केलं होतं. हुकूम माझाच अर्धवट होता.

संगणक ‘जी साहब’ म्हणत नाही, मनातलंही ओळखत नाही. आपण काय सांगितलं, तेवढंच करून दाखवतो. म्हणून म्हणतो, वय कितीही असो, एक छोटा प्रोग्रॅम लिहून बघा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!