दख्खनचा तोफगोळा

तोफगोळा म्हणजे तोफेच्या नळीतून दारूच्या जोराने फेकला जाणारा भरीव गोल. त्याच्या पोटात काही नसते. तो फुटत नाही, पेट घेत नाही. वजन आणि वेग एवढ्याच भांडवलावर तो तट पाडतो, गलबत बुडवतो, माणसांची रांग कापत जातो. पोटात दारू भरलेला आणि पडल्यावर फुटणारा गोळा वेगळा. जुन्या मराठीत त्याला ‘कुलपी गोळा’ म्हणत आणि तो उंच मारा करणाऱ्या आखूड नळीच्या गर्नाळीतून सोडत. तोफांचा इतिहास लिहिताना सगळे लक्ष तोफेकडे जाते. तोफेला नाव असते, तिच्यावर लेख कोरलेला असतो, तिचे तोंड सिंहाचे किंवा मगरीचे असते. गोळा बिनानावाचाच राहतो. दख्खनच्या लढायांत मात्र घोडे अनेकदा गोळ्यापाशीच अडलेले दिसते.

पहिले गोळे दगडाचे होते, युरोपातही आणि हिंदुस्थानातही. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर जी प्रचंड तोफ लावली, तिचा दगडी गोळा पाचशे किलोंच्या पुढचा होता. 1526 मध्ये पानिपतावर बाबराचा उस्ताद अली कुली ज्या तोफा चालवत होता, त्यांतल्या मोठ्या तोफाही दगडच फेकत. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स 1494 मध्ये इटलीत उतरला तो ओतीव लोखंडाचे गोळे घेऊन, आणि त्यानंतर युरोपात दगडी गोळा हळूहळू मागे पडला. दख्खनमध्ये तो पुढेही बराच काळ टिकला. त्यामागे मागासलेपणापेक्षा भूगोल अधिक आहे. सह्याद्रीचा किल्ला उभा असतो तोच काळ्या बेसाल्टवर. पाथरवट हाताशी असला की गडाच्याच खडकातून गोळे घडवता येतात. बाहेरून काही आणावे लागत नाही, रसद तुटली तरी काम अडत नाही.

दगडाची अडचण वजनाची. वीस सेंटिमीटर व्यासाचा बेसाल्टचा गोळा साधारण बारा किलो भरतो. तेवढ्याच आकाराचा ओतीव लोखंडाचा गोळा तीस किलो. म्हणजे तटाला तोच तडाखा द्यायचा तर दगडी गोळा मोठा हवा, गोळा मोठा तर नळी रुंद हवी आणि नळी रुंद झाली की तोफ अवजड होत जाते. शिवाय दगड तटावर आपटून स्वतःच फुटतो, त्यामुळे जोर वाया जातो. सोळाव्या शतकातल्या दख्खनी तोफा अवाढव्य का, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

या प्रकारातला सर्वांत मोठा नमुना म्हणजे विजापूरची मुलुखमैदान, मूळ नाव मलिक-ए-मैदान. निजामशाहीसाठी ती 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रुमी या तुर्की कारागिराने पंचधातूची ओतली. वजन सुमारे 55 टन, लांबी सव्वाचार मीटरच्या पुढे आणि तोंडाचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर. त्या मापाचा बेसाल्टचा गोळा चारशे किलोंच्या पुढे जाईल. तो नुसता उचलून नळीत सारायलाच माणसांचा तांडा लागणार. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत अशा तोफांतून शत्रू जवळ येताच तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या डागल्या, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. 1854 मध्ये ती मोडीत काढून लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत वरची बोली आली 150 रुपयांची. एवढ्या पैशांत कोण विकणार, म्हणून तोफ जागेवर राहिली. परांड्याच्या किल्ल्यात दगडी गोळ्यांचा ढीग मात्र आजही पाहायला मिळतो.

लोखंडी गोळ्याची गोष्ट वेगळी. युरोपातल्या उंच भट्ट्यांत लोखंड पूर्ण वितळून पाण्यासारखे वाहत असे. ते वाळूच्या दोन अर्ध्या साच्यांत ओतले की एकसारखे गोळे निघत. जोडावरची रेघ घासली की काम झाले. दख्खनमधल्या लोहारांच्या भट्टीत लोखंड वितळत नसे. कोळशात तापवून त्याचा मऊ, सच्छिद्र गड्डा निघे आणि तो ठोकून घट्ट करावा लागे. म्हणून इथला लोखंडी गोळा बहुधा घणाखाली घडवलेला असे. घडीव लोखंड चिवट खरे, पण घणाने परिपूर्ण गोल साधणे कठीण. पृष्ठभाग खडबडीत राहतो, कुठे टेंगूळ, कुठे खोलगट. असा गोळा नळीतून जाताना आतली बाजू खरवडत जातो आणि तोफ लवकर बाद होते. गोळा आणि नळी यांच्यात मोकळी जागा जास्त राहिली की दारूचा वायू बाजूने निसटतो; पल्ला घटतो, नेमही चुकतो. कमी राहिली तर गोळा अडकून तोफच फुटण्याची भीती. इंग्रजांच्या तोफखान्यात गोळा कडीच्या मापातून पार करून पाहिल्याशिवाय स्वीकारत नसत. इथे प्रत्येक तोफेची नळी वेगळ्या मापाची, म्हणून प्रत्येकीचे गोळेही वेगळे.

मराठ्यांच्या तोफखान्याची दुखरी नस हीच होती. तोफा मिळत होत्या. पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज सगळेच विकायला तयार असत; काही लुटीत येत, काही जिंकलेल्या किल्ल्यांवर आयत्या सापडत. पण त्यातल्या दोन तोफांची मापे जुळतील तर शपथ. प्रतिपक्षाला तयार दारूगोळा मिळाला की काय होते, हे शिवाजी महाराजांनी 1660 मध्ये पन्हाळ्यावर पाहिले. सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन गर्नाळ आणि फुटणारे गोळे घेऊन आला आणि स्वतःचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. 1661 मध्ये महाराजांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत टाकले. 1665 मध्ये पुरंदरच्या वेढ्यात मिर्झाराजे जयसिंगाने जड तोफा मोठ्या कष्टाने डोंगरावर चढवल्या, शेजारच्या वज्रगडाचा बुरूज पाडला आणि तिथून पुरंदरला भिडला. नाशिकजवळच्या रामशेजची कथा याच्या उलट. तिथल्या मराठ्यांपाशी धातूच्या तोफा नव्हत्या, तेव्हा त्यांनी लाकडी नळ्यांवर कातडे मढवून तोफा केल्या आणि औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षे झुंजवले, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो.

पेशवाईत तोफखाना हे स्वतंत्र खाते झाले. त्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळचा मल्हारगड, म्हणजेच सोनोरीचा किल्ला, त्यांनीच बांधला. थोरल्या माधवरावांच्या काळात ओतूरजवळ आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना सुरू झाला. बाहेरून गोळे आणण्यावर विसंबून भागणार नाही, हे 1761 च्या पानिपतानंतर कुणी वेगळे सांगायची गरज उरली नव्हती. कारखाना निघाला, पण मापांचा गोंधळ काही मिटला नाही.

गोळ्यांची ओढाताण प्रत्यक्षात कशी दिसे, हे 1790–91 च्या धारवाडच्या वेढ्यात कळते. टिपूच्या ताब्यातला हा किल्ला परशुरामभाऊ पटवर्धनांनी वेढला होता आणि मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. त्या तुकडीतला एडवर्ड मूर हा तरुण अधिकारी रोजचे पाहिलेले टिपून ठेवत होता. त्याच्या वर्णनाप्रमाणे, तोफ भरली की मोर्च्यातली सगळी मंडळी खाली बसत, गप्पा मारत, हुक्का ओढत. अर्ध्या तासाने बत्ती दिली जाई. तटावरून धुळीचा चांगला लोट उठला की काम फत्ते. पुन्हा तोफ भरायची आणि पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन दोन्हीकडचे गोळे बंद, कारण ती जेवणाची वेळ. मूरला ही चेष्टा वाटली. तिच्यामागे आळसच होता असे मात्र नाही. घडीव गोळे मोजकेच असत, दारू सावकाश येई, आणि तापलेली तोफ निववल्याशिवाय पुन्हा भरली तर ती भरणाऱ्याच्याच अंगावर फुटे. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या वेढ्यानंतर एप्रिल 1791 मध्ये किल्ला शरण आला. त्यात गोळ्यांपेक्षा उपासमारीचा वाटा कमी नव्हता.

याच सुमारास उत्तरेत महादजी शिंद्यांनी गोष्ट वेगळ्या रीतीने हाताळली. त्यांचा युरोपीय सेनानी बेनुआ द बॉयन याच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने तोफा ओतल्या. तोफा ठरावीक मापाच्या, त्यामुळे गोळेही ठरावीक मापाचे. फरक दिसला 23 सप्टेंबर 1803 ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचे पंधराशेहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले आणि त्यांतले बहुतेक शिंद्यांच्या तोफांनी टिपले. लढाई वेलस्लीने जिंकली, 98 तोफा हस्तगत केल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला असईची लढाई आयुष्यभर विसरता आली नाही. मराठ्यांचा तोफखाना सपशेल निकामी होता, या समजाला असई हे पुरेसे उत्तर आहे. गोळा नळीला बसला की मराठी गोलंदाज कुणाला हार जाणारे नव्हते.

भरीव लोखंडी गोळ्यांचीही भावंडे होती. जहाजाच्या डोलकाठ्या आणि शिडे फाडण्यासाठी दोन गोळे साखळीने जोडून सोडत. माणसांवर मारण्यासाठी छऱ्यांच्या पिशव्या असत. लाकडी जहाजांवर भट्टीत लालबुंद तापवलेला गोळा टाकत. दारू आणि गोळा यांच्यामध्ये ओल्या चिंध्यांचा किंवा मातीचा थर दिला नाही तर दारू नळीतच पेट घेई. 13 सप्टेंबर 1782 ला जिब्राल्टरच्या इंग्रजांनी स्पॅनिश-फ्रेंच तरंगत्या तोफखान्यांची राखरांगोळी केली ती अशाच गोळ्यांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळीच्या आत मळसूत्री खाचा आल्या आणि गोळा गोल राहिला नाही. तो लांबट, टोकदार झाला आणि त्याच्या पोटात दारू आली. 1869 मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तेव्हा हा बदल सुरू झालेला होता. मराठीने मात्र शब्द बदलला नाही. 1999 मध्ये कारगिलच्या शिखरांवर बोफोर्सने डागलेली 155 मिलिमीटरची टोकदार नळकांडी मराठी वर्तमानपत्रांत ‘तोफगोळे’च होती. जुना भरीव गोळा गेला, पण त्याचे नाव त्याच्या वारसाला मिळाले.

नावाची बाकीची वाटचाल अधिक मजेशीर आहे. तोफ चालवणारा तो फारशीतून आलेला गोलंदाज, म्हणजे गोळा फेकणारा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत गोलंदाजांची पलटण होती आणि गोलंदाज हे आडनावही आढळते. विसाव्या शतकात क्रिकेट मराठीत आले तेव्हा बोलरला हाच शब्द बसला. हिंदीने ‘गेंदबाज’ असा नवा शब्द घडवला. मराठीने तोफखान्यातला शिपाई मैदानात उतरवला. त्याच्यामागोमाग बाकीचा फौजफाटाही आला. वेगवान गोलंदाजांची जोडी तोफखाना झाली, फटके आतषबाजी झाले. अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या अहमदनगरात, तोफखाना नावाचा भाग आजही आहे. तिथल्या रहिवाशाला त्या नावात तोफ दिसत असेल असे नाही.

शाळेच्या मैदानावरचा गोळा याहून सरळ वाटेने आला. गोळाफेकीतला पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, म्हणजे बरोबर सोळा पौंडांचा असतो आणि पौंडांचे हे माप या खेळाची ब्रिटनमधली पाळेमुळे सांगते. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून हा खेळ आहे. स्त्रियांसाठी तो 1948 मध्ये आला आणि त्यांचा गोळा चार किलोचा. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीने 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले.

बोलीत तर तोफ अजून थंडावलेली नाही. विरोधकांवर तोफ डागतात, नावडत्याला तोफेच्या तोंडी देतात. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात. ती खरी तोफ दिवसातून फार थोड्या वेळा उडू शकत असे, ही अडचण उपमा देणाऱ्यांनी कधी मनावर घेतली नाही. सलामीच्या तोफेत गोळाच नसतो, नुसता बार असतो. संस्थानांची प्रतिष्ठा या बारांच्या संख्येवर ठरे: ग्वाल्हेर आणि बडोद्याला 21, कोल्हापूरला 19.

एका झाडालाही इंग्रजांनी तोफगोळ्याचे नाव दिले. दक्षिण अमेरिकेच्या गयानातून आलेले हे झाड फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले याने 1775 मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदवले. त्याची वीसेक सेंटिमीटरची तपकिरी, टणक फळे थेट खोडाला लोंबतात आणि खाली पडून फुटली की दुर्गंधी सुटते. मराठी माणसाने हेच झाड पाहिले तेव्हा त्याची नजर फळावर गेलीच नाही. फुलाच्या मध्यभागी पिंडीसारखा उंचवटा आणि त्यावर नागाच्या फणीसारखे छत्र दिसले, म्हणून झाडाचे नाव पडले कैलासपती. दारूगोळ्याचा वारसा इथे मराठीने साफ नाकारला.

खरे गोळे अजून जमिनीतून निघतात. 2021 मध्ये पन्हाळ्याशेजारच्या पावनगडावर चारशेच्या वर तोफगोळे सापडले. 1818 नंतर गडांवरच्या कित्येक तोफांच्या कानात खिळे ठोकले गेले, कित्येक मोडीत निघाल्या किंवा दरीत ढकलल्या गेल्या. त्यामुळे कोणत्या गडावर कोणत्या मापाच्या तोफा होत्या, हे ठरवायला बऱ्याच ठिकाणी गोळे हाच हाती लागणारा पुरावा असतो. गोळ्याचा व्यास मोजला की नळीच्या रुंदीचा अंदाज येतो. दगडी की लोखंडी, ओतीव की घडीव, हे पाहिले की तो कोणत्या काळातला आणि कुणाच्या कारखान्यातला असावा याचाही तर्क बांधता येतो.