बंदिवासाचा व्यापार

तेरेखोल नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर पेडणे महालातील तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७४६ साली पोर्तुगिजांच्या हाती गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकविला व बंदिवास पत्करला. सालाझारशाहीस अशा बंद्यांकडून शरणागती हवी होती, पैसा नव्हे. परंतु जगाच्या इतिहासात दुसऱ्याही प्रकारचा तुरुंग आढळतो. त्यास बंदी हवा असतो, तो मिळकतीसाठी.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याने १७९१ साली वर्तुळाकार कारागृहाची योजना प्रसिद्ध केली. कारागृह मक्त्याने द्यावे आणि बंद्यांच्या श्रमाचे उत्पन्न मक्तेदाराने घ्यावे, असा तिचा व्यवहार होता. पार्लमेंटाने अखेर ती नाकारली. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी मोडली. पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमास वाट ठेवली. त्या वाटेने दक्षिणेकडील राज्यांनी कैदी, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, खाणींच्या व मळ्यांच्या मालकांस भाड्याने दिले. गुलाम मेला तर धन्याचे भांडवल बुडे. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. आलाबामात ही रीत १९२८ पर्यंत टिकली. पुढे १९८३ साली टेनेसी राज्यात सरकारकडून मोबदला घेऊन तुरुंग चालविणारी कंपनीच स्थापन झाली.

मराठी वाचकास श्रमाचे हे माप अपरिचित नाही. अंदमानात कोलूला जुंपलेल्या बंद्यास रोज तीस पौंड तेल काढावे लागे. सावरकरांनी तो अनुभव ‘माझी जन्मठेप’मध्ये नोंदविला आणि पुढे ‘काळे पाणी’ ह्या कादंबरीत अंदमानचे जग उभे केले.

अलीकडच्या कादंबरीकारांनी ह्याच हिशेबाचा शेवट कोठे होईल, हे दाखविले आहे. मार्गारेट ॲटवुड यांच्या २०१५ च्या कादंबरीतील नगरात माणसे एक महिना घरी व एक महिना तुरुंगात राहतात, कारण तुरुंगावरच नगराचा संसार चालतो. नाना क्वामे अजे-ब्रेन्या यांच्या २०२३ च्या कादंबरीत कैद्यांची प्राणांतिक झुंज हाच कंपनीचा धंदा होतो. ह्या कल्पनांत अतिशयोक्ती आहे. परंतु तिचे बीज वर सांगितलेल्या इतिहासातच आहे.

आपल्या देवस्थानांत महाजन हा भांडाराचा राखणदार असतो, धनी नव्हे. देवाच्या उत्पन्नातून त्याने आपले घर भरावयाचे नसते. दंड करण्याचा अधिकारही समाजाने राज्याकडे सोपविलेली अशीच ठेव होय. तिच्यावर नफा बसला की रिकामी कोठडी हे समाजाचे भाग्य न राहता मक्तेदाराचे नुकसान ठरते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालात नेलेल्या मोहन रानडे यांस मात्र १९६९ पर्यंत वाट पाहावी लागली. ते सुटले तेव्हा गोमंतकाने आनंद मानला. बंद्याची सुटका ज्याच्या जमाखर्चात तोटा म्हणून लिहिली जाते, त्याच्या हाती तुरुंगाची किल्ली देऊ नये, हेच ह्या इतिहासाचे सांगणे आहे.