नगरच्या माणसाची लंडनमध्ये भेट

उद्या दुपारी परतीचे विमान आहे. बॅग भरून झाली. पोस्टकार्डाएवढी एक छापील प्रत तेवढी हातातल्या पिशवीत, वहीच्या पानांमध्ये ठेवली आहे, दुमडू नये म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामूंकडे लंडनला निघालो तेव्हा घरच्यांना वाटले, मास्तर विलायत पाहायला चालले. मी मात्र आमच्या नगरच्याच एका माणसाला भेटायला आलो होतो.

निमित्त वर्गातले. आमच्या उर्दू शाळेत सहावीच्या एका काळ्यासावळ्या मुलाला बाकीची मुले 'हबशी' म्हणून चिडवीत. हजरत बिलाल (रजि.) यांच्या नावाबरोबर हाच शब्द आपण किती अदबीने उच्चारतो, आणि गल्लीत त्याचीच शिवी होते! मी मुलांना सांगितले, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही हबशीच होता. तो मुलगा उठून म्हणाला, "सर, फोटो है क्या उनका?"

माझ्याकडे नव्हता. तो इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीरच्या दरबारातील चित्रकार हाशिम याने १६२० च्या सुमारास काढलेला. आधी विनंती पाठवून वेळ घेतली होती. चित्र लहानच. पांढरा पोशाख, एका बाजूने दिसणारा काळा, भारदस्त चेहरा, रोखलेली नजर. मी बराच वेळ उभा राहिलो. टिपणे काढायची राहूनच गेली.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या पोराचे मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला. मोखा, बगदाद असे हात बदलत दख्खनला आला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाही वजीर चंगेझखान, तोही हबशीच. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य बुडाल्यात जमा होते. अशा वेळी अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पाव शतक, मोगलांशी झुंज दिली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत तर मागाहून आलेल्यांनाही उपयोगी पडली.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याला शिव्या दिल्यावाचून त्याचे नाव घेत नाही. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात अबुल हसनचे १६१६ च्या सुमाराचे एक चित्र आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. डब्लिनला जाणे काही जमले नाही, ते चित्र पुस्तकातच पाहिले. हसूही आले. तेव्हा अंबर दख्खनमध्ये चांगला जिवंत होता आणि बादशहाच्या सरदारांना पळवत होता! रणात जे साधले नाही, ते कागदावर उरकून घेतले.

त्यानंतर आठ वर्षांनी, १६२४ मध्ये, भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलाव फोडून त्यांच्या वाटेत चिखल केला आणि दोघांनाही हरवले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. ही भातवडी, म्हणजे आजची भातोडी, आमच्या शहरापासून जवळच आहे. आमच्या किती मुलांनी ती पाहिली असेल? खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही पाहिली नव्हती.

दरबारातल्या सगळ्यांचीच लेखणी आणि कुंचला मात्र बादशहाच्या रागाने चालला नाही. अंबरच्या मृत्यूची नोंद करताना मोगल इतिहासकार मुतमिदखानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ केली आहे. हाशिमनेही शत्रूचा चेहरा रुबाबदारच काढला. म्हणून तर आज तो आपल्याला दिसतो.

१६२६ मध्ये शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरला अंबरचा इंतकाल झाला. मकबरा खुलताबादला आहे, पण अमरापुरातही अंबरशहाच्या नावाचे स्थान आहे. पावसाआधी मुलांना तिथे न्यायचा विचार होता, ते आता दिवाळीनंतरच जमेल.

जूनमध्ये शाळा उघडेल. तो मुलगा सातवीत गेला असेल. प्रत त्याच्याच हाती देऊन वर्गात फिरवायला सांगणार आहे.