डिम लाइट ते निळी चकती

टीव्ही दुरुस्तीत माझा जन्म गेला, तोही जळगावात. तेवढ्या अनुभवावर सांगतो, आमच्या खानदेशात घरातल्या वस्तू आभाळातल्या विजेनं जळल्या त्याहून जास्त तारेतल्या विजेनं जळल्या.

भुसावळजवळच्या दीपनगरात 1968 पासून वीज तयार होते. पुढे तिथं 210 मेगावॅटचे संच आले, पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात दिव्याखाली अंधारच राहिला. केळीला उन्हाळाभर पाणी लागतं. एकेका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, झेपेल त्यापेक्षा जास्त मोटारी चालायच्या आणि वरून चोरीचे आकडे टाकलेले असायचे. संध्याकाळी बल्बची तार नुसती तांबडी दिसायची. 1956 च्या वीज नियमांत घरगुती व्होल्टेजला सहा टक्क्यांची सूट होती, म्हणजे 230 चे फार तर 216 व्हावेत. माझ्या मीटरचा काटा दीडशे-एकशेसाठवर हलायचा.

1982 साली रंगीत दूरदर्शन आलं आणि त्यापाठोपाठ स्टॅबिलायझर. त्याचा सुरुवातीचा प्रकार, बूस्टर, हातानं फिरवायचा असे. व्होल्टेज पडलं की घरातला मोठा माणूस उठून बटण एक घर पुढं सरकवायचा. 1987 मध्ये रविवारी सकाळी रामायण लागलं की अख्खी गल्ली एका घरात जमायची. मधेच लाइट जायची, पुन्हा आली की पोरं ओरडायची, “लाइट उनी रे!” बटण मात्र वरच्याच घरावर राहिलेलं असायचं. शेतातल्या मोटारी बंद, तारेत पूर्ण व्होल्टेज, त्यावर बूस्टरची भर. सोमवारी तो टीव्ही माझ्या टेबलावर. नंतरच्या ऑटोमॅटिक स्टॅबिलायझरमध्ये ते बटण फिरवायचं काम रिले करू लागला. तो खट्‌ खट्‌ आवाज ऐकून आम्ही बसल्या जागी सांगायचो, बाहेर व्होल्टेज कसं आहे ते.

याहून वाईट दुखणं न्यूट्रलचं. मे-जूनच्या वादळात केळी आडव्या होतात, तशा ताराही तुटतात. डीपीकडून येणारा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला की ज्या घरात भार कमी, तिथं 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत चढतात. धुळ्याला पॉवरलूमच्या वस्तीत माझा एक व्यवसायबंधू बसायचा. अशा रात्रीनंतर त्याच्याकडं एकाच गल्लीतले टीव्ही, पंखे, मिक्सर हातगाडीवरून यायचे. लोक म्हणायचे, वीज पडली. कित्येकदा तर आभाळात ढगसुद्धा नसायचा!

आता टीव्हीतला पॉवर सप्लाय बदलला. शंभरपासून 240 व्होल्टपर्यंत तो निमूट चालतो. टीव्हीचा स्टॅबिलायझर माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी संगणकाबरोबर आलेली सर्ज प्रोटेक्टरची पट्टी बसली. अशी एक जळकी पट्टी उघडून बघा. तारांच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी निळी चकती दिसेल, तडकलेली, कडेला काजळी धरलेली. ती झिंक ऑक्साइडची असते. जपानात मात्सुशिता कंपनीत ती 1960 च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली. साध्या व्होल्टेजला ती गप्प असते. सेकंदाच्या लाखाव्या भागात हजारो व्होल्टचा झटका आला, तर तो स्वतःत वळवून घेते आणि वस्तूपर्यंत सात-आठशे व्होल्टच जाऊ देते. हे काम ती खरोखर चोख करते.

पण 275 व्होल्टची ती चकती तुटक्या न्यूट्रलच्या साडेतीनशेवर मिनिटभर बसली, तर तापून फुटते, कधी पट्टीच पेटते. कमी व्होल्टेजला तर तिचा काडीचाही उपयोग नाही. प्रत्येक झटक्यानं ती थोडी झिजते, आणि स्वस्त पट्टीवरचा लाल दिवा चकती मेल्यावरही जळतच राहतो. काही पट्ट्यांत तर चकतीच नसते, नुसता दिवा!

अर्थिंगचा घोळ वेगळाच. चांगल्या पट्टीला झटक्याचा काही भाग जमिनीत सोडायचा असतो. आमच्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं पाण्याविना कोरडा असतो. कित्येक घरांत थ्री पिनची जाडी पिन मोडून टाकलेली, कारण भिंतीतला सॉकेट दोनच भोकांचा.

म्हणून गिऱ्हाइकाला मी सांगतो: पट्टी घ्या, पण आयएसआय शिक्का पाहून, आणि तिच्या भरवशावर झोपू नका. आधी अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता. मेन स्विचजवळ जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं यंत्र बसवा, न्यूट्रल तुटल्यावर तेच वाचवतं. घरातले दिवे एकदम प्रखर झाले, तर आधी मेन बंद करा, मग वायरमनला फोन. आणि ढग गडगडायला लागले की प्लग ओढा, डिशची केबलसुद्धा काढा. जवळ पडलेल्या विजेपुढं कुठलीच पट्टी टिकत नाही.