नदी, गिरणी आणि ख्रिस्तमंदिर

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. मुलगा अथवा मुलगी नोकरीनिमित्त तिकडे गेली की आपण सहज म्हणतो, 'न्यूयॉर्कला असते.' प्रत्यक्षात ती एखाद्या नदीकाठच्या लहानशा शहरात राहत असते आणि त्या शहराचे नावही आपल्याला नीट उच्चारता येत नाही. आम्हीही याला अपवाद नव्हतो. मुलांच्या भेटीसाठी गेलो असता अमेरिकेतील काही लहान व मध्यम शहरे पाहण्याचा योग आला, आणि त्या देशाचा खरा इतिहास अशाच गावांत वस्तीला आहे, असे आमचे मत झाले.

आरंभ केला तो हडसन नदीच्या काठावरील पकिप्सी या शहरापासून. वस्ती जेमतेम ३० हजारांच्या आसपास. तेथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशी यांचा स्मृतिशिळेचा दगड आहे. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी त्यांना लेकीप्रमाणे सांभाळणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंकडे पाठविण्यात आल्या. त्यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे दोन वर्षे तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ साली त्यावर मराठीत पुस्तक लिहिले. तेव्हा ही वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. परक्या गावातील त्या दगडापाशी उभे असताना एक प्रश्न मनात आला: दूरदेशी गेलेल्या माणसाचे अखेर काय उरते? त्याचे उत्तर पुढील दोन शहरांत शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला.

पहिले शहर मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल. मेरिमॅक नदी येथे सुमारे १० मीटर खाली झेपावते. या पाण्याच्या बळावर १८२०च्या दशकात भांडवलदारांनी कापडगिरण्या उभारल्या. कालवे खणण्यासाठी एप्रिल १८२२ मध्ये ह्यू कमिस्की हा आयरिश मुकादम ३० मजुरांना घेऊन बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून पायी चालत आला. १८३६ साली लोवेलला शहराचा दर्जा मिळाला आणि १८५० पर्यंत लोकवस्ती ३३ हजारांवर गेली. गिरण्यांत प्रथम राबल्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. दिवसाचे बारा-तेरा तास काम, घंटेच्या तालावर उठणे, जेवणे आणि झोपणे. मजुरी घटविली म्हणून १८३४ साली आणि खानावळीचा दर वाढविला म्हणून १८३६ साली या मुलींनी संप केला. त्यांच्या लेखनाचे एक मासिकही निघत असे. १८४२ साली चार्ल्स डिकन्स हे शहर पाहून प्रभावित झाला होता.

परंतु नाण्याला दुसरी बाजू होती. या गिरण्यांतला कापूस दक्षिणेतील गुलामांनी वेचलेला असे, आणि गुलामांच्या अंगावर घालावयाचे जाडेभरडे कापडही लोवेलमध्येच विणले जाई. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येणे थांबले आणि लोवेलचे हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच वेळी आपल्या मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा पाऊस पडत होता. १८६५ साली युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. दोन शहरांचे नशीब एकाच कापसाच्या धाग्याने असे बांधले गेले होते!

तेथील बूट कॉटन मिल्स आज संग्रहालय आहे. मागाच्या खात्यात जुने माग चालू करून दाखवितात आणि आत शिरण्यापूर्वी कानात घालावयास बोळे देतात. तो खडखडाट ऐकताच आम्हाला गिरणगाव आठवले. बूट गिरणी १९५५ साली बंद पडली, आणि १९८२च्या संपानंतर आपल्या गिरण्यांचे काय झाले हे वाचकांना सांगावयास नकोच. फरक इतकाच की, लोवेलने १९७८ साली आपल्या गिरण्यांचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करून घेतले. कामगाराचे कष्ट हादेखील जतन करण्याजोगा वारसा आहे, हे त्या शहराने ओळखले.

कालवे खणणाऱ्या आयरिश मजुरांनी झोपड्यांच्या वस्तीत १८३१ साली संत पॅट्रिकचे ख्रिस्तमंदिर उभारले. पुढे कॅनडातून फ्रेंच भाषिक आले. १८६८ साली ओब्लेट संघाचे फादर गारँ त्यांच्यासाठी येथे दाखल झाले आणि कालांतराने संत जाँ-बातिस्त हे भव्य ख्रिस्तमंदिर उभे राहिले. मिस्सा तेव्हा सर्वत्र लॅटिनमध्येच होत असे. मग वेगळे मंदिर कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न होता प्रवचनाचा, पापनिवेदनाचा आणि मुलांच्या शाळेचा. माणूस परक्या भाषेत मजुरी करू शकतो. रडावयास मात्र त्याला मायबोलीच लागते. या फ्रेंच वस्तीत १९२२ साली जन्मलेला जॅक केरुआक पुढे इंग्रजीतील विख्यात लेखक झाला, पण त्याची पहिली भाषा फ्रेंच होती आणि १९६९ साली त्याचा अंत्यविधी याच मंदिरात झाला.

तोवर त्याचे 'लिटल कॅनडा' पुनर्विकासाच्या नावाखाली जमीनदोस्त झाले होते. नातवंडे इंग्रजी बोलू लागली, उपनगरांत गेली. मंदिर काही वर्षे स्पॅनिश भाषिकांच्या उपासनेस उपयोगी पडले आणि २००४ साली बंद झाले. संत पॅट्रिकच्या मंदिरात मात्र व्हिएतनाम, कंबोडिया, लॅटिन अमेरिका येथून आलेली कुटुंबे जमू लागली. आयरिश मजुरांनी घातलेला पाया अशा रीतीने परक्यांच्या लेकरांना आधार झाला.

दुसरे शहर तेथून खूप दूर, मिसिसिपी नदीच्या तीरावर, आयोवा राज्यातील डब्यूक. लोकसंख्या सुमारे ६० हजार. शिशाच्या खाणींमुळे वसलेल्या या गावात १८३५ साली सॅम्युएल माझुकेली हे इटालियन डोमिनिकन धर्मगुरू आले आणि त्यांनी संत राफाएलच्या मंदिराची पायाभरणी केली. आयरिश खाणकामगारांना त्यांचे आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्यांना आपलेसे करून 'फादर मॅथ्यू केली' असे नाव दिले! १८३७ साली येथे धर्मप्रांत स्थापन झाला. १८६४ साली आजाऱ्यांच्या भेटीला गेले असता जडलेल्या आजारातच फादर माझुकेलींचे निधन झाले.

येथे टेकडीवर चढणारी एक चिमुकली दोरगाडी आहे. दुपारी घरी जाऊन जेवावे आणि वामकुक्षी घ्यावी म्हणून एका सावकाराने ती १८८२ साली बांधून घेतली. वरून पाहिले की नदी, तीन राज्ये आणि कितीतरी मनोरे दिसतात. त्यांतील सर्वांत देखणा मनोरा जर्मन लोकांच्या संत मेरी मंदिराचा. आयरिशांचे मंदिर वेगळे, जर्मनांचे वेगळे. परंतु २०१० साली संत मेरी धर्मग्राम बंद झाला. गावकऱ्यांनी वास्तू पाडू दिली नाही. आता तेथे समाजोपयोगी कामे चालतात. वास्तू वाचली याचा आनंद वाटला, पण वेदीपुढे गुडघे टेकणारे कोणी नाही, हे जाणवून मन उदासही झाले.

वाचकहो, आपलीही मुले आता अशाच शहरांत घरे करीत आहेत. त्यांची मुले मराठीत प्रार्थना म्हणतील काय, ही चिंता आपल्या घरोघरी आहे, आणि ती रास्तच आहे. लोवेलचा इतिहास सांगतो की, भाषा दोन-तीन पिढ्या तग धरते; पुढे ती आपोआप टिकत नाही, ती घरात बोलावी लागते. हे काम कोणतेही ख्रिस्तमंदिर आपल्यासाठी करणार नाही.

परंतु तोच इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. कामधंद्यासाठी दूरवरून आलेली, वेगळी भाषा बोलणारी कुटुंबे आज आपल्याही धर्मग्रामांत मागच्या बाकांवर संकोचून बसलेली दिसतात. आपल्या लेकरांना परमुलुखात कोणी जवळ करावे, असे आपल्याला वाटते. मग येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्या मागच्या बाकाशी जाऊन आपण त्यांचे नाव विचारू या. आणि ते नीट उच्चारता आले नाही, तर डब्यूकच्या खाणकामगारांप्रमाणे आपुलकीने एखादे नवे नाव देऊ या.