शीड आणि शिडी

आमच्या पिरंगुटात समुद्र येतो तो मिठाच्या पुडीतून. म्हणून ताम्हिणी उतरून आम्हीच त्याच्याकडे गेलो. दंडा-राजपुरीच्या जुन्या बंदरातून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात. शीड वाऱ्याने फुगलं, तशी आमची सौ. छत्रीऐवजी मला धरून बसली.

जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. आत एके काळी अख्खं गाव नांदत होतं. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची तळी! १६८२ मध्ये संभाजीराजांनी दगड टाकून समुद्रातच वाट बांधायला घेतली, तरी सिद्दी हलला नाही. संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ साली.

माझा जीव मात्र अडकला लाय पाटलात. शिवाजीमहाराजांच्या या कोळी शिलेदाराने रात्री तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांची कुमक वेळेवर आलीच नाही, असं सांगतात. उजाडायला लागलं, शिड्या काढून परत! कर्ज मंजूर, पैसे नाहीत. असा चेहरा बँकेच्या काउंटरवर मी रोज बघतो. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावरचा माणूस पालखीत बसून जाणार कुठे? मग गलबत दिलं म्हणे, नाव ‘पालखी’.

तटाखाली होडी हेलकावत होती. तांडेलाला विचारलं, "इथं अंधारात शिडी कशी हो धरली असेल?"

"उभं राहून बघा की," तो म्हणाला.

मी बसूनच विचार केला.